यादी चावडीवर वाचा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या चाळीसगाव तालुक्यात एक वाक्य वर्षातून दोन-चारदा तरी कानावर पडतं. कर्जमाफी जाहीर झाली की पडतं, गारपिटीचे पंचनामे झाले की पडतं, आणि अलीकडे किसान सन्मानचा हप्ता जमा झाल्याची बातमी आली की दर चार महिन्यांनी पडतं. वाक्य अहिराणीतलं आहे : "मनं नाव शे का यादीमा?" म्हणजे, माझं नाव यादीत आहे का?

आज मला या यादीविषयीच बोलायचं आहे. अनुदान द्यावं की देऊ नये, कापसाला नीट भाव मिळाला असता तर अनुदानाची वेळ आली असती का, हे प्रश्न मोठे आहेत आणि त्यांवर बोलणारी माणसंही मोठी आहेत. माझा प्रश्न लहान आहे. सरकारी तिजोरीतून शेतकऱ्याच्या नावानं जो पैसा निघतो, तो कुणाला आणि किती मिळाला, हे त्याच गावातल्या बाकीच्यांना कळावं की कळू नये?

मी निवृत्त शिक्षक आहे. नावावर साडेचार एकर कोरडवाहू रान आहे, त्यात कपाशी असते. फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रधानमंत्री किसान सन्मान निधी सुरू झाला. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते, थेट बँकेच्या खात्यात. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्याच शेतकऱ्यांना होता. जून २०१९ पासून जमिनीची अट काढली. पण काही माणसं त्यातून वगळलेली आहेत. आयकर भरणारे, आमदार-खासदार, सरकारी नोकर, डॉक्टर, वकील, आणि दरमहा १०,००० रुपये किंवा अधिक पेन्शन घेणारे. म्हणजे मी वगळलेल्यांत मोडतो. त्या वेळी फॉर्म भरण्यासाठी ऑनलाइन केंद्रावर ही गर्दी! केंद्र चालवणारा मुलगा माझाच विद्यार्थी. मला पाहून म्हणाला, "सर, तुम्हीपण भरून टाका ना. कोण बघतं?"

त्या पोराला नावं ठेवायची नाहीत. त्यानं सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं. आणि खरंच, कोण बघतं? जानेवारी २०२१ मध्ये याचं थोडं उत्तर मिळालं. वेंकटेश नायक या कार्यकर्त्यानं माहितीच्या अधिकारात केंद्रीय कृषी खात्याला विचारलं, तेव्हा खात्यानंच लेखी सांगितलं की २० लाख ४८ हजार अपात्र लोकांना या योजनेचे १,३६४ कोटी रुपये गेले आहेत. त्यांतले निम्म्याहून अधिक आयकर भरणारे होते. पंजाब आणि आसामच्या पाठोपाठ आपलं महाराष्ट्र राज्य होतं, पावणेतीन लाखांच्या वर माणसं घेऊन. मग तहसील कचेऱ्यांमधून वसुलीच्या नोटिसा निघाल्या. आमच्याकडे काही सद्‌गृहस्थांनी दुपारच्या वेळी, बँकेत गर्दी नसताना, गुपचूप पैसे परत भरले.

आता तुम्ही म्हणाल, मग झालं की काम. आधार क्रमांक आणि पॅन क्रमांक एकमेकांशी ताडून यंत्रानं चोर पकडले. गावासमोर याद्या वाचायची गरज काय?

गरज आहे, आणि ती चोर पकडण्यासाठी थोडी आणि दुसऱ्याच एका कारणासाठी जास्त आहे. यंत्राला फक्त आत आलेला माणूस दिसतो. जो यादीत आहे त्याचा आधार, त्याचा पॅन, त्याचं खातं ते तपासू शकतं. जो यादीत यायला हवा होता आणि आलाच नाही, त्याची यंत्राला खबरच नसते. ज्या विधवेची वारस नोंद फेरफारात अडकली, ज्याच्या आधारवर 'पाटील' आणि सातबाऱ्यावर फक्त वडिलांचं नाव आहे, ज्या म्हाताऱ्याचा अंगठा घासून गेल्यामुळे उमटत नाही, ती माणसं यंत्राच्या लेखी जन्मालाच आलेली नाहीत. ती फक्त गावाला माहीत असतात.

हे मी भावनेच्या भरात बोलत नाही, याला हिशेब आहे. २००८ साली केंद्र सरकारनं देशभराची कर्जमाफी केली. पाच वर्षांनी, मार्च २०१३ मध्ये, त्यावरचा महालेखापरीक्षकांचा म्हणजे कॅगचा अहवाल संसदेत मांडला गेला. तपासलेल्या ९०,५७६ खात्यांपैकी २२ टक्क्यांहून अधिक खात्यांत काही ना काही चूक निघाली. पण मला त्यातले दोन आकडे जास्त बोलके वाटतात. माफी मिळालेली ८० हजारांवर खाती तपासली, त्यांत साडेआठ टक्के लोक अपात्र होते. आणि ज्यांचा बँकेनं विचारच केला नव्हता अशी ९,३३४ खाती तपासली, त्यांत १,२५७, म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या आसपास, पात्र असूनही यादीबाहेर राहिलेली निघाली. दोन्ही नमुने वेगळे आहेत, त्यामुळे एकातून दुसरा वजा करता येणार नाही. तरी एवढं दिसतं की घुसलेल्यांचा बोभाटा होतो तसा राहून गेलेल्यांचा होत नाही, आणि राहून गेलेले काही कमी नसतात. चोराविरुद्ध बोलायला वर्तमानपत्रं असतात. राहून गेलेला माणूस बिचारा कपाळाला हात लावून घरी बसतो.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. माफीचं प्रमाणपत्र शेतकऱ्याच्या हातात पडलं याचा पुरावा तपासलेल्या ६१ हजारांवर खात्यांपैकी ३४ टक्के खात्यांत सापडला नाही. म्हणजे कर्ज माफ झालं, पण ज्याचं झालं त्याला ते कळलं की नाही, हे सांगता येईना!

आता २००८ ची यादी मला चांगली आठवते. नियम असा होता की प्रत्येक शाखेनं आपली यादी ३० जून २००८ पर्यंत दर्शनी भागात लावायची. बँकेच्या शाखांबाहेर आणि विकास सोसायट्यांच्या भिंतींवर टाइप केलेले कागद चिकटवले गेले. पावसाळा तोंडावर. कागदांच्या कडा भिजून शाई पसरत होती आणि माणसं छत्री धरून बोटानं एकेक ओळ वाचत होती. दोन हेक्टरपर्यंतच्यांना पूर्ण माफी, त्यावरच्यांना थकबाकीचा ७५ टक्के भाग आधी भरला तर उरलेल्या २५ टक्क्यांची सूट. कोरडवाहू रानात सहा-सात एकर असूनही घर चालत नाही, हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक. पण नियमानं तो 'मोठा' शेतकरी. त्यावर तेव्हा खूप बोललं गेलं, ते इथे उगाळत नाही. सांगायचं हे की त्या ओल्या कागदासमोर उभा असलेला माणूस फक्त स्वतःचं नाव वाचत नव्हता. तो शेजारच्याचंही वाचत होता. "अरे, तुझं नाव इथे दिसत नाही, आणि आपण दोघांनी एकाच दिवशी कर्ज उचललं होतं," असं त्यानं शेजाऱ्याला सांगितलं, आणि शेजारी दुसऱ्या दिवशी गटसचिवाकडे जाऊन उभा राहिला. अशी नावं लागलेली मी पाहिली आहेत. ही तपासणी फुकटात झाली आणि ती कुठल्याही लेखापरीक्षकाला जमली नसती.

पण याला दुसरी बाजू आहे आणि ती मला टाळायची नाही. भिंतीवरच्या कागदावर कर्ज माफ झालेल्यांची नावं होती, म्हणजेच थकबाकीदारांची नावं होती. ज्याच्या घरी मुलीचं लग्न जमत आलेलं असतं त्याला हा कागद कसा वाटत असेल? सोयरिकीच्या बोलण्यात पाहुणे कुणाला विचारत नाहीत. चहा पिऊन निघताना सोसायटीच्या भिंतीकडे एक नजर टाकतात. एका गृहस्थानं मला तेव्हा विचारलं होतं, "सर, माफी सरकारनं दिली, पण माझी अब्रू भिंतीवर का टांगली?" या प्रश्नाला 'पारदर्शकता' एवढा एकच शब्द फेकून उत्तर होत नाही.

मी त्यावर बराच विचार केला. मला जे वाटलं ते असं. आपल्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. तुम्ही सोसायटीचं कर्ज काढलं, बँकेचं काढलं, की त्याचा बोजा तिथे चढतो. काही जुन्या उताऱ्यांवर तर आजोबांनी घेतलेल्या तगाईची नोंदही अजून कुठेतरी लटकलेली असते. आणि सातबारा हा सार्वजनिक कागद आहे. पूर्वी तलाठ्याकडे कुणीही कुणाचाही उतारा मागू शकत होता, आता तो संगणकावर घरबसल्या दिसतो. म्हणजे शेतकऱ्याचं कर्ज आधीपासूनच चव्हाट्यावर आहे. त्याविषयी कुणी त्याला खासगीपणाचा हक्क दिलेला नाही. आणि सरकार पैसा द्यायला लागलं की मात्र एकाएकी ती खासगी बाब होते! कर्ज सगळ्या जगाला दिसणार आणि अनुदान कुणाला दिसू नये, हा न्याय मला तरी समजत नाही. लाज वाटायचीच असेल तर ती बोजाच्या रकान्याची वाटावी. आणि किसान सन्मान, अतिवृष्टीची मदत, ठिबकचं अनुदान यांत तर लाजेचा प्रश्नच नाही. ठिबकच्या नळ्या रानात दिसतातच, त्यांचं अनुदान तेवढं का दिसू नये?

हा पेच काही आपल्याच वाट्याला आलेला नाही. युरोपातल्या देशांत शेतीवर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त सरकारी पैसा ओतला जातो. तो नेमका कुणाला जातो हे बरीच वर्षं लोकांना माहीत नव्हतं. ब्रिटनमध्ये माहितीचा कायदा लागू झाल्यावर २००५ साली नावं जाहीर झाली आणि लोक बघतच राहिले. 'गरीब शेतकऱ्याला आधार' म्हणून निघालेल्या पैशात राणीच्या शेतीचं नाव होतं, देशातल्या अतिश्रीमंत सरदारांची नावं होती, साखरेच्या बड्या कंपनीचं नाव होतं. अमेरिकेत २००१ साली एका स्वयंसेवी संस्थेनं अशीच यादी सर्वांसाठी खुली केली, तर तीत अब्जाधीश उद्योगपती आणि बास्केटबॉलचा नामांकित खेळाडू निघाला. पुढे युरोपीय संघानं सगळ्याच सदस्य देशांना नावं आणि रकमा जाहीर करायला लावल्या. त्याविरुद्ध जर्मनीतल्या हेस्सेन राज्यातले शेतकरी न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं आमच्या त्या गृहस्थासारखंच होतं. नोव्हेंबर २०१० मध्ये युरोपीय न्यायालयानं त्यांची बाजू बऱ्याच अंशी मान्य केली. लहान-मोठा, एकदा मदत घेणारा आणि सतत घेणारा, सगळ्यांची नावं सरसकट जाहीर करणं प्रमाणाबाहेर आहे, असा निकाल दिला. कंपन्यांना मात्र ही सवलत नव्हती. मग तीन वर्षांनी, २०१३ मध्ये, नवा नियम आला : मदत ठरावीक किमान रकमेच्या वर असेल तर नाव जाहीर होणार, त्याखालच्या छोट्या शेतकऱ्याचं नाव झाकलेलं राहणार. ती मर्यादा साधारण १,२५० युरो आहे. म्हणजे त्यांनी यादी बंद केली नाही, गरिबावर पांघरूण घातलं आणि बड्यांवरचं काढलं. तोडगा मला शहाणपणाचा वाटतो. मात्र तो आपल्याकडे जसाच्या तसा चालणार नाही. १,२५० युरो म्हणजे आपले लाखावर रुपये, आणि आपल्याकडे अख्ख्या गावाचा झगडा दोन हजारांच्या हप्त्यासाठी असतो. इथे छोट्याचं नाव झाकलं तर त्याला मदत मिळाली की नाही हेच झाकलं जाईल.

आता आपल्या राज्याकडे येऊ. जून २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. ३४,०२२ कोटींची माफी, ८९ लाख शेतकरी, दीड लाखाची मर्यादा. जुलैच्या सुरुवातीला जिल्हावार लाभार्थ्यांचे आकडे जाहीर झाले आणि त्यात मुंबई शहरात ६९४ आणि उपनगरात ११९ शेतकरी निघाले. मिळून ८१३! राज्यभर हशा पिकला. जमीन गावाकडे आणि कर्ज देणारी शाखा मुंबईत, असंही असू शकतं, अगदीच अशक्य नाही. पण मजा बघा, हा प्रश्न विचारता आला तो आकडा छापला म्हणून. छापला नसता तर ते ८१३ जण तसेच राहिले असते, मग ते खरे असोत की खोटे.

त्याच योजनेत ऑक्टोबरमध्ये गावोगाव अर्जांच्या याद्यांचं चावडी वाचन झालं. हा शब्द मला फार आवडतो. 'प्रसिद्धी' नाही, 'अपलोड' नाही, वाचन. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ऐकू येतं. आमच्या गावात ते शाळेच्या ओसरीत झालं. ग्रामसेवक नाव वाचायचे आणि खालून कुणीतरी "बरोबर" म्हणायचं. एक नाव वाचलं तेव्हा एकदम कुजबुज झाली, कारण तो माणूस जाऊन वर्ष झालं होतं. त्याची बायको बायकांच्या घोळक्यात मागे उभी होती. वारस नोंद केलेली नाही, हे तिला तिथेच दहा जणांनी सांगितलं आणि पुढचे कागद करायला तिच्याबरोबर तिचा पुतण्या दुसऱ्या दिवशी चाळीसगावला आला. दुसरं एक नाव वाचलं, गावातल्या वजनदार घरातलं, आणि ओसरीत शांतता. कुणी "बरोबर" म्हणालं नाही, कुणी "चूक"ही म्हणालं नाही. तोंडावर कोण बोलणार? उद्या त्याच्याच विहिरीवरून पाणी न्यायचं असतं. पण पारावर आठ दिवस दुसरा विषय नव्हता. चावडी वाचनानं गाव एकदम हरिश्चंद्र होत नाही, हे मला माहीत आहे. तरी ती शांतता माझ्या दृष्टीनं फुकट गेली नाही. कुणी काय घेतलं हे सगळ्यांना माहीत आहे, हे त्या घरालाही त्या दिवशी कळलं.

पुढची महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना या बाबतीत जास्त नीटनेटकी होती. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस याद्या चावडीवर आणि बँकेत लागल्या. प्रत्येक नावापुढे एक विशिष्ट क्रमांक आणि कर्जाची रक्कम. शेतकऱ्यानं सेवा केंद्रात जाऊन रक्कम मान्य असेल तर अंगठा द्यायचा, नसेल तर अमान्य करायची, मग ती तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे. अर्ज भरायची कटकट नव्हती. सरकार म्हणतं तुझं कर्ज एवढं होतं, तू म्हण हो किंवा नाही. सरकारी काम इतकं सरळ असू शकतं, याचं तेव्हा मला आश्चर्य वाटलं होतं.

कर्जाचा निदान बँकेत हिशेब असतो. पंचनाम्याचं तसं नाही. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावावर काय प्रसंग आला ते तुम्हाला आठवत असेल. रात्रीतून तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्यांना पूर आला, शहरात पाणी शिरलं, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. नदीकाठच्या रानांत पीक तर गेलंच, मातीसुद्धा खरवडून गेली. अशा वेळी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असा तिघांनी मिळून पंचनामा करायचा असतो. (आता या तिघांचीही पदनामं बदलली आहेत, तिघेही 'अधिकारी' झाले आहेत. काम आणि मोटारसायकल तीच आहे.) नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असेल तर मदत. आता ३३ आणि ३२ यांत फरक कोण करणार? चिखलात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांवर तो सोडलेला असतो. म्हणून पंचनाम्याची यादी ही सगळ्यात जास्त उघडी असायला हवी, आणि माझ्या अनुभवानं तीच सगळ्यात कमी दिसते. पैसे जमा झाले की कळतं, नाही झाले की कळतं; का झाले नाहीत ते कळत नाही.

ही झाकली मूठ कुठे जाते ते २०२५ मध्ये जालना जिल्ह्यात दिसलं. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानाचे कोट्यवधी रुपये बनावट नावांवर गेल्याचं चौकशीत निघालं. तलाठी निलंबित झाले, गुन्हे दाखल झाले. ज्यांच्या नावावर पैसे काढले ती नावं त्या-त्या गावात एकदा जरी मोठ्यानं वाचली असती तर? "हा कोण? आपल्या शिवारात याचं रान कुठे आहे?" एवढा एक प्रश्न पुरला असता. आणि पैसा लहान राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यानं अतिवृष्टीसाठी जाहीर केलेलं पॅकेज ३१,६२८ कोटींचं होतं.

गेल्या काही वर्षांत एक बदल हळूच झाला आहे, त्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं नाही असं मला वाटतं. पूर्वी यादी भिंतीवर होती, तेव्हा सगळ्यांना सगळ्यांची नावं दिसायची. आता प्रत्येकाला सांगतात, आपला नोंदणी क्रमांक टाका, मोबाइलवर ओटीपी येईल, आपली स्थिती पाहा. माझी स्थिती मला दिसते, तुमची तुम्हाला. किसान सन्मानच्या संकेतस्थळावर गावनिहाय यादीची सोय ठेवली गेली, तेवढा सन्माननीय अपवाद. पण त्यात नावं असतात, कुणाला एकूण किती मिळाले हे दिसत नाही. बाकी बहुतेक ठिकाणी आपण ज्याच्या-त्याच्या मोबाइलमध्ये एकेकटे झालो आहोत. आता तर शेतकऱ्याला ओळख क्रमांक दिला जात आहे. त्याची जमीन आणि पीक त्या एका क्रमांकाला जोडलं जात आहे. सरकारला आपण आरपार दिसतो. आपल्याला आपल्या पैशाचा व्यवहार मात्र किल्लीच्या भोकातून दिसतो.

त्यातच कायद्यात फरक पडला आहे. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ४ असं म्हणतं की अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम ठेवली आणि लाभार्थी कोण, याचा तपशील प्रत्येक कार्यालयानं कुणी न मागता जाहीर करावा. ते कलम आजही जसंच्या तसं आहे. पण कलम ८ मध्ये वैयक्तिक माहितीविषयीची तरतूद आहे. पूर्वी ती अशी होती की सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली वैयक्तिक माहिती नाकारता येईल, आणि व्यापक जनहित असेल तर तीही द्यावी लागेल. व्यक्तिगत डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यानं ही वाक्यरचना छाटून 'वैयक्तिक माहिती' एवढंच ठेवलं, आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. जनहितासाठी माहिती देण्याची वाट कलम ८ च्याच दुसऱ्या पोटकलमात अजून शिल्लक आहे. पण कचेरीतल्या माणसाचा स्वभाव आपण जाणतो. 'नाही' म्हणायला एक ओळीचं कारण मिळालं की तो खालच्या ओळी वाचत नाही. लाभार्थ्याचं नाव ही वैयक्तिक माहिती आहे, सबब देता येत नाही, असं उत्तर लिहायला किती वेळ लागतो? यादी मुळातच चावडीवर लागत असती तर हा प्रश्न आला नसता. म्हणूनच कलम ४ वर आता जास्त जोर द्यायला हवा.

जाता जाता आणखी एक. आपल्याकडे कितीतरी रान बटाईनं केलं जातं. नांगरणारा एक, सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, आणि तो दुसरा बहुधा नाशिकला किंवा पुण्याला नोकरीत. अनुदान सातबाऱ्याच्या मागे जातं. आणि आखाजीला वर्षाची बोली करून राबणारा सालदार तर कुठल्याच यादीत नसतो. यादी उघडी केली म्हणून त्याला काही मिळणार नाही. फक्त रान कोण करतो आणि पैसा कोण घेतो हे गावासमोर शेजारी-शेजारी येईल, आणि ते आलेलं काहींना नको आहे, हेही एक कारण असावं.

बरं, यादीत काय असावं? नाव, गाव, गट क्रमांक, क्षेत्र, योजनेचं नाव, रक्कम आणि दिनांक. ज्यांचा अर्ज नामंजूर झाला त्यांची नावं आणि नामंजुरीचं कारण. हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच कुठे लावत नाहीत. काय असू नये? आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक, मोबाइल नंबर, जात, आजार. हे बाहेर गेलं तर लुबाडणारे टपलेलेच आहेत, आणि त्यासाठी डेटा संरक्षणाचा कायदा जरूर वापरावा.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवसांच्या आसपास ग्रामसभा होतात. नोटीस निघण्याआधी ग्रामपंचायतीत एक साधा अर्ज द्या, की मागच्या वर्षभरात गावात आलेल्या मदतीच्या आणि अनुदानाच्या याद्यांचं वाचन विषयपत्रिकेवर घ्यावं. ते म्हणाले आमच्याकडे यादी नाही, ती तहसीलमध्ये आहे, कृषी कार्यालयात आहे, तर माहिती अधिकाराचा अर्ज तिकडे. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून एका अर्जात एकच योजना, एकच हंगाम, एकच गाव घाला. 'कलम ४ (१) (ख) (बारा) प्रमाणे जाहीर करायचा लाभार्थ्यांचा तपशील' हे शब्द तसेच्या तसे लिहा. पंचनाम्याची यादी आणि नामंजूर नावं वेगवेगळी मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील करता येतं, त्यासाठी तीस दिवस मिळतात. पोच घ्यायला मात्र विसरू नका, आणि ती पावसात भिजणार नाही अशा जागी ठेवा.